मोझली आणि स्नेल यांच्यामधली कबर

टॅलोवा काउंटीत दोन शेरीफ आहेत, असं लोक गमतीने म्हणतात. एक पुस्तकातला, कॅश बेडसोल. उंच, गोरा, डोक्यावर राखाडी टोपी, बायको वारलेली. हाती आलेल्या प्रत्येक प्रेताचा निकाल तो शेवटच्या तीसेक पानांत मारेकऱ्यासकट लावतो. दुसरा खरा, इझेल टिडवेल. ठेंगणा, काळा, मधुमेहाने वाळलेला. टोपीखाली घाम येतो म्हणून तो टोपी घालत नाही. बायको चांगली ठणठणीत आहे.

बेडसोलची पुस्तकं लिहिणाऱ्या मर्लीन ऑगल्सबी आमच्या हायस्कुलात ग्रंथपाल होत्या. निवृत्त झाल्यावर एक अख्खा उन्हाळा त्या इझेलच्या गाडीत मागे बसून हिंडल्या. समन्स कसं बजावतात, तुरुंगाच्या किल्ल्या कोणाकडे असतात, दारूच्या अंमलातल्या माणसाशी बोलताना कुठे उभं राहायचं, हे सगळं त्यांनी त्याला विचारून घेतलं. पहिलं पुस्तक आलं तेव्हा आभारात इझेलचं नाव होतं आणि मुखपृष्ठावर गोरा माणूस. न्हाव्याच्या दुकानात कोणीतरी म्हणालं, "इझेल, बाईंनी तुझा रंग उडवला की रे."

"उंचीही वाढवलीय," इझेल म्हणाला. "तक्रार करायची तर कशाची करू?"

पुस्तकं खपली. एकामागून एक येत राहिली. दुसऱ्या राज्यांतून लोक गाड्या घेऊन येऊ लागले, कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटो काढू लागले. शेरीफ कुठे आहे म्हणून विचारत आत आले की टेबलामागे चष्मा लावून बसलेला इझेल त्यांना दिसायचा. तो त्यांच्याशी अदबीने बोलायचा आणि औषधाच्या दुकानाचा रस्ता दाखवायचा, कारण पुस्तकं तिथे मिळायची. त्याचं खरं काम कोणाला पाहण्यासारखं नव्हतं. रस्त्यावर आलेल्या गाई हाकलायच्या, तुरुंगाच्या गळक्या छताखाली बादल्या ठेवायच्या, भांडणाऱ्या नवराबायकोंना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं. अंत्ययात्रेच्या पुढे दिवे लावून गाडी न्यायची. आमच्याकडे समोरून येणारी प्रत्येक गाडी अंत्ययात्रा दिसली की रस्त्याच्या कडेला थांबते, मग शवपेटीतला माणूस कोणाचाही असो. न थांबणाऱ्याला इझेल दुसऱ्या दिवशी घरी जाऊन भेटायचा. दंड नाही करायचा, नुसता भेटायचा.

आणि एक काम त्याने कधी संपवलं नाही. व्हेस्टा क्रेनशॉचा मुलगा लामार.

लामार एकोणीस वर्षांचा होता. लाकडाच्या वखारीत कामाला होता. एका शुक्रवारी तो कामावरून निघाला. त्याची गाडी नदीच्या पुलाजवळ सापडली, दार उघडं, किल्ली जागेवर. लामार सापडला नाही. इझेलला निवडून येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तो व्हेस्टाच्या स्वयंपाकघरात गेला. ती त्याच्या आईची मैत्रीण; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदराने मिस म्हणतात. रविवारच्या शाळेत तिनेच त्याला बायबलच्या गोष्टी शिकवल्या होत्या. तिने त्याच्यापुढे केक ठेवला. तो त्याने खाल्ला, कारण त्या घरात नको म्हणायची सोय नव्हती. आणि उठताना तो म्हणाला, "मिस व्हेस्टा, मी त्याला घरी आणीन."

हे त्याने घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको जुआनिटा टेबल पुसत होती. ती हात न थांबवता म्हणाली, की शहाणा शेरीफ प्रयत्न करीन एवढंच म्हणतो.

त्यानंतर वीसेक वर्षं तो प्रयत्न चालू होता. नदीत गळ टाकून झाले. पडक्या विहिरी उपसून झाल्या. वखारीतल्या दोघांवर संशय होता. एक दारूने मेला, दुसरा दुसऱ्याच गुन्ह्यासाठी राज्याच्या तुरुंगात गेला. इझेल त्याला दर वर्षी भेटायला जायचा. तो माणूस दर वर्षी नवी जागा सांगायचा. इझेलला ठाऊक होतं की तो मजा करतोय. तरीही प्रत्येक जागा तो खणायचा.

व्हेस्टा बेडसोलची पुस्तकं वाचायची. सगळी. ती तिला आवडत होती असं नाही. तिचं म्हणणं, या माणसाला दर वेळी सापडतं कसं ते तिला बघायचं होतं. पानाची कड बोटाने दाबत ती वाचायची आणि इझेल भेटला की प्रश्न विचारायची. पुलाच्या वरच्या अंगाला कुत्री फिरवली होती का. गाडीतली सीट पुढे होती की मागे, म्हणजे शेवटी चालवणारा उंच होता की बुटका. इझेल प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचा. कधी ती चर्चच्या दारात सगळ्यांसमोर म्हणायची, "बेडसोलला हे तिसऱ्या प्रकरणातच कळलं असतं." इझेल मान हलवायचा. म्हणायचा, "त्याला पगारही जास्त असेल, मिस व्हेस्टा."

एकदा ती मर्लीन ऑगल्सबींकडे गेली होती. ही गोष्ट मर्लीनबाईंनी स्वतः सांगितली, बऱ्याच वर्षांनी. काळा कोट घालून, पर्स मांडीवर धरून ती व्हरांड्यात बसली आणि म्हणाली, माझ्या लामारला तुमच्या पुस्तकात घाला. बाईंना वाटलं, तिला मुलाची आठवण राहायला हवीय. तसं नव्हतं. तिचं म्हणणं सरळ होतं. तुम्हाला ते दर वेळी सापडतात. याचंही लिहा, म्हणजे कुठे आहे ते तुम्हाला कळेल.

मर्लीनबाईंनी तिला चहा दिला. मग सांगितलं, "मिस व्हेस्टा, मला ते सापडतात, कारण लपवते मीच."

व्हेस्टाने चहा संपवला, आभार मानले आणि घरी गेली. पुस्तकं वाचणं मात्र तिने सोडलं नाही.

तिचा नवरा माउंट टॅबर चर्चच्या दफनभूमीत पुरलेला आहे. त्याच्या एका बाजूला तिची जागा, दुसऱ्या बाजूला लामारची. चर्चच्या लोकांनी लामारच्या नावाचा दगड बसवू म्हटलं तेव्हा तिने नकार दिला. रिकाम्या जमिनीवर नाव कोरायचं नाही, ती म्हणाली. ज्या जागी माणूस नाही तिथे मी गुडघे टेकणार नाही.

गेल्या वसंतात तिला पोटाचा कर्करोग निघाला. माँटगोमरीच्या डॉक्टरने हात टेकले. पुढच्या खोलीत खाट आणली, नर्स येऊ लागली. इझेल भेटायला गेला तेव्हा तिने लामारचा विषय काढला नाही. असं पहिल्यांदाच झालं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, आणि ते बघणं घेऊन तो बाहेर आला. ऑफिसला येऊन त्याने डेप्युटी डेक्सटरला लामारच्या तपासाची सगळी खोकी काढायला लावली. त्यात नवीन काही नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं.

मे महिन्यात कबरी सजवायचा रविवार आला. माउंट टॅबरची दफनभूमी जुन्या पद्धतीची आहे. तिथे गवत उगवू देत नाहीत. आदल्या आठवड्यात प्रत्येक घराणं आपापल्या कबरींभोवतीची जमीन फावड्याने तासून उघडी करतं, झाडून घेतं, आणि प्रत्येक कबरीवर वाळूमातीचा लांबट उंचवटा नव्याने चढवतं. रविवारी फुलं ठेवायची, प्रार्थना करायची, मग झाडांखाली लांब टेबलांवर जेवण. तळलेली कोंबडी, कोलार्डच्या पानांची भाजी, मक्याचा पाव, गोड थंड चहा. अटलांटा, डिट्रॉइटला गेलेली माणसंही त्या दिवशी येतात. आपले मेलेले कोणी सांभाळत नाही, अशी चर्चा होण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट आमच्याकडे दुसरी नाही.

इझेल आपल्या बापाच्या कबरीची कड नीट करत होता. पलीकडच्या रांगेत मोझली आणि स्नेल या दोन घराण्यांच्या जागा लागून आहेत. त्यांच्यामध्ये एक छोटा उंचवटा होता, दगड नसलेला. असे बरेच आहेत. पूर्वी दगड परवडायचे नाहीत, आणि तान्ह्या मुलांना तर कोणी दगड लावतच नसे. दर वर्षी त्यावर भरपूर फुलं असायची. त्या दिवशी फ्लॉरीन मोझली आणि तिच्याहून जराशी मोठी रूबी स्नेल दोघी एकाच वेळी फुलं घेऊन तिथे पोचल्या.

"तू ठेव आधी," फ्लॉरीन म्हणाली. "तुमचं माणूस आहे."

"आमचं कुठलं," रूबी म्हणाली. "तुमच्या आत्याचं मूल ना ते? आम्ही आपले शेजारधर्म म्हणून ठेवतो."

"आमच्या आत्याला मूलच झालं नाही."

मग एकदम दोघीही हसल्या, ओशाळून, आणि कोणाचं का असेना, बिचारं, असं म्हणून दोघींनीही फुलं ठेवली. इतकी वर्षं दोन्ही घराणी दुसऱ्याचं समजून ती कबर सांभाळत होती. विचारलं कोणीच नाही. विचारणं म्हणजे तुम्ही तुमच्या माणसाकडे लक्ष देत नाही असं सुचवणं झालं असतं.

इझेलने फावडं खाली ठेवलं.

सापडू नये म्हणून प्रेत कुठे ठेवावं, याचा विचार त्याने वीस वर्षं केला होता. नदी, विहीर, डुकरांचा गोठा, जळालेलं घर. दफनभूमी त्याच्या डोक्यात आली नव्हती. गवत नसलेल्या जमिनीत, जिथे दर वर्षी सगळीच माती उकरलेली असते, तिथे एक जास्तीचा उंचवटा कोणाला दिसणार? आणि एकदा फुलं पडली की त्याला हात कोण लावणार? जेवणाच्या टेबलांवर फिरून त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, ती छोटी कबर कधीपासून आहे. बहुतेकांना ती कायमचीच वाटत होती. रूबी स्नेलचा थोरला भाऊ हातातलं कोंबडीचं हाड ताटात ठेवून आठवू लागला. आपली आई गेली त्या वर्षी ती नव्हती, तो म्हणाला. पुढच्या वसंतात होती. त्याची आई लामार हरवला त्याच वर्षी वारली होती.

इझेलने त्या दिवशी एक चूक केली. ती चूक आहे हे त्याला चांगलं कळत होतं. खणायच्या आधी तो व्हेस्टाला सांगायला गेला. वीस वर्षांत एकदाही त्याने तिला खात्री न केलेली गोष्ट सांगितली नव्हती. पण कोर्टाचा हुकूम यायला वेळ लागणार होता, आणि नर्सने त्याला दारातच सांगितलं होतं की आता आठवडे मोजू नका.

तो म्हणाला, एक जागा आहे. खात्री नाही.

व्हेस्टाने त्याला जागा विचारली. त्याने सांगितली. तिने डोळे मिटले. मग नर्सला हाक मारून खाट खिडकीकडे वळवायला लावली, कारण तिथून चर्चचा रस्ता दिसतो. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा चार घास खाऊ लागली. भाचीला सांगून तिने कपाटातून लामारचा निळा सूट काढायला लावला, इस्त्री करून दाराला टांगायला लावला. भाची जुआनिटाला म्हणाली, की मावशी त्या सुटाशी बोलते. इझेलने ते ऐकलं आणि तो अर्ध्या जेवणावरून उठला.

हुकूम आला त्या सकाळी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी अर्धं चर्च कुंपणाला उभं होतं. राज्याच्या प्रयोगशाळेची माणसं चाळण्या घेऊन आली होती. पाळक प्रार्थना म्हणाला. फ्लॉरीन आणि रूबी यांनी रविवारची सुकलेली फुलं उचलून बाजूला ठेवली, अगदी जपून, जणू परत ठेवायची होती. मर्लीन ऑगल्सबी कुंपणाबाहेर गाडीपाशीच उभ्या राहिल्या. नव्वदीच्या ऑटी बॅटल, ज्यांना सगळे मिस ऑटी म्हणतात, नातवाच्या गाडीत काच खाली करून बसल्या होत्या.

वरचा उंचवटा मऊ वाळूचा होता. तो निघाला. खाली तांबडी चिकणमाती लागली. खणलेली जमीन ओळखू येते; तिचे थर मोडलेले असतात, लाल, पिवळं, पांढरं एकत्र कालवलेलं असतं. ही माती एकसंध होती. तिच्यातून एका जुन्या सीडर झाडाचं मूळ आडवं गेलं होतं, मनगटाएवढं जाड, कुठेही न तुटलेलं. प्रयोगशाळेच्या माणसाने फावडं टेकलं आणि इझेलकडे बघितलं.

"अजून खाली," इझेल म्हणाला.

"शेरीफ, ही जमीन कधी उघडलेलीच नाही."

"अजून खाली."

त्यांनी खणलं. मग ते दमले तसा डेक्सटर उतरला, मग इझेल स्वतः. त्याची रक्तातली साखर घसरली तेव्हा जुआनिटाने त्याला वरूनच संत्र्याचा रस दिला. तो त्याने खड्ड्यात उभं राहून प्यायला आणि पुन्हा फावडं उचललं. माणूस पुरायला लागते त्याहून खोल ते गेले. शेवटी चुनखडी लागली. फावडं तिच्यावर वाजलं तो आवाज कुंपणापर्यंत ऐकू आला.

तेव्हा गाडीतून मिस ऑटींचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या मोठ्याने बोलतात.

"ती वाळू होती, बाळा. माझ्या नवऱ्याने, होमरने आणलेली. कबरींना लागेल म्हणून ट्रकभर आणली आणि उरलेली तिथे ओतून ठेवली."

इझेल खड्ड्यातून वर आला. गाडीपाशी गेला. त्याच्या अंगावर गुडघ्यापर्यंत लाल माती होती. तो खालच्या आवाजात बोलला, आणि मिस ऑटींना ऐकू येईना म्हणून त्याला ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावं लागलं.

"मिस ऑटी, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"आज? तू शेरीफ आहेस. तुला काही ठाऊक असेल म्हणून खणतोयस असं वाटलं."

"आज नाही. तेव्हा. इतकी वर्षं."

मिस ऑटींनी काचेच्या कडेवर हात ठेवला. आता त्यांचा आवाज खाली आला. "होमर ती वाळू सोमवारी पसरणार होता. रविवारी तिच्यावर फुलं दिसली. व्हेस्टाने ठेवली होती. हातात फुलं घेऊन आली होती ती, आणि मुलाची कबर नव्हती. तिला वाटलं, कोणाचं तरी टाकलेलं लेकरू आहे. तिला मी काय सांगायचं होतं, इझेल? अगं, ही वाळू आहे म्हणून? मी होमरला म्हटलं, राहू दे."

इझेलने मान हलवली.

मर्लीन ऑगल्सबींनी त्याला त्याच्या गाडीपाशी गाठलं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, तिला सांगा, सापडला म्हणून. दोनचार दिवसांचा तर प्रश्न आहे. कोण तुम्हाला दोष देईल? डेक्सटरही मागे उभा होता आणि जमिनीकडे बघत होता; त्याचंही तेच मत असावं. इझेल म्हणाला, "तुम्ही असता तर असंच लिहिलं असतं ना."

"नाही," त्या म्हणाल्या. "मी मुलगा खड्ड्यात ठेवला असता."

चर्चच्या नळावर त्याने हात धुतले, बूट पुसले. व्हेस्टाचं घर तिथून फार लांब नाही. पण तो नदीवरून गेला, पुलापाशी थांबला आणि मग वळून आला. काय सांगायचं ते त्याने ठरवलं होतं. तो खोटं सांगणार होता. हे त्याने नंतर जुआनिटाला सांगितलं, आणि जुआनिटाने इतरांना सांगण्यात काही चूक मानली नाही.

व्हेस्टा खिडकीकडे तोंड करून उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले होते. निळा सूट दाराला टांगलेला होता, इझेलला तो हाताने बाजूला सारून आत यावं लागलं. तो खुर्चीत बसला.

"मिळाला?" ती म्हणाली.

"मिळाला, मिस व्हेस्टा."

तिने त्याच्याकडे बघितलं. वीस वर्षं वाचलेली पुस्तकं तिच्या डोक्यात होती. "कशावरून ओळखलं?"

इझेल म्हणाला, की राज्याची माणसं तपासतील, पण तोच आहे.

"दात बघितले?"

"बघितले."

"पुढचा दात कुठल्या बाजूचा तुटका होता?"

लामारचा दात तुटका होता हे तपासाच्या खोक्यात लिहिलेलं होतं. बाजूही लिहिली होती. ती त्याला झोपेतही सांगता आली असती. पण त्याचं तोंड उघडेना. ती वाट बघत राहिली. रविवारच्या शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलाची ती अशीच वाट बघायची, मदत न करता.

"काही नव्हतं तिथे," तो म्हणाला. "वाळू होती. खाली जमीन. तिला कोणी कधी हात लावलेला नाही."

व्हेस्टाने हात पांघरुणाखालून काढून वर ठेवले. ती रडली नाही. नर्स म्हणते, अंगात तेवढं पाणीच राहिलं नव्हतं. बाहेरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पूर्ण संपल्यावर ती बोलली. "वाळू कोणाची?"

"होमर बॅटलची. कबरींसाठी आणलेली."

"आणि फुलं पहिल्यांदा मी ठेवली."

ऑटीने सांगितलं का, असं तिने विचारलं नाही. तिला आठवत होतं. पांढरी आयरिसची फुलं होती, ती म्हणाली. घरामागची. नवऱ्याला ठेवून उरली होती, आणि ती घेऊन घरी परत जाणं तिला जमेना.

"मी तुम्हाला वचन दिलं होतं," इझेल म्हणाला.

"दिलं होतंस."

ती पुढे काही बोलेल म्हणून तो थांबला. मला माफ करा असं त्याला म्हणायचं होतं आणि काही नाही रे बाळा असं तिने म्हणावं असं त्याला हवं होतं. तिने ते म्हटलं नाही. तिने तो खोटं बोलल्याबद्दलही काही म्हटलं नाही.

"खड्डा बुजवलास?"

"अजून नाही. उद्या डेक्सटर..."

"बुजवू नकोस," ती म्हणाली. "मला लागेल."

त्याला कळलं नाही. तिला ते सांगावं लागलं, आणि एवढं सलग बोलायची ताकद नव्हती म्हणून तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. मला तिथे ठेवा. मोझली आणि स्नेल यांच्यामध्ये. नवऱ्याशेजारची माझी जागा तशीच ठेवा, त्याच्या दुसऱ्या बाजूची लामारचीही तशीच. म्हणजे तो येईल तेव्हा त्याला बापाच्या कुठल्याही बाजूला झोपता येईल. आणि इतकी वर्षं लोकांनी त्या जागी फुलं ठेवली, तिथे कोणीतरी असायला हवं.

"मिस व्हेस्टा, तुमची जागा तुमच्या नवऱ्याजवळ आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक विचारणार नाहीत," ती म्हणाली.

मग तिने त्याला तो सूट दारावरून काढून परत कपाटात ठेवायला सांगितला. त्याने ठेवला. हँगर दांडीवर नीट बसेना, दोनदा काढून पुन्हा अडकवावा लागला. ती त्याच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती.

आठवडा संपायच्या आत ती गेली. इझेलने दिवे लावून गाडी पुढे घेतली. महामार्गावर लाकडाचे ओंडके भरलेला एक लांब ट्रक कडेला थांबला, मागच्या गाड्यांसकट, आणि सगळी अंत्ययात्रा पुढे जाईपर्यंत थांबून राहिला. मोझली आणि स्नेल यांनी मधली जागा कोणाला दिली याबद्दल चकार शब्द काढला नाही. मिस ऑटी गाडीत बसूनच होत्या.

मर्लीन ऑगल्सबींचं पुढचं पुस्तक आलेलं नाही. मागच्या वर्षीच यायला हवं होतं. औषधाच्या दुकानात लोक विचारतात.

या मे महिन्यात इझेल बापाची कबर तासून झाल्यावर क्रेनशॉंच्या जागेकडे गेला. व्हेस्टाच्या नवऱ्याची कबर त्याने नीट केली, उंचवटा चढवला. मग दोन्ही बाजूंची सपाट जमीन फावड्याने तासून झाडून घेतली. तिच्यावर त्याने काही ठेवलं नाही. फ्लॉरीन मोझलीने जवळून जाताना ते बघितलं, फुलांची टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि आपल्या रांगेकडे गेली.

सोमवारी तो राज्याच्या तुरुंगात जाऊन आला. वखारीतल्या त्या माणसाने नवी जागा सांगितली, कोणाच्या तरी पडक्या गोठ्यामागे. डेक्सटरने विचारलं, की खणायचं का. इझेलने गाडीच्या मागून फावडी काढली.